सोडियम आयोडाइड जास्त गॅमा पकडतो, मग जर्मेनियमचा एवढा खटाटोप कशासाठी?

अणुकेंद्रीय भौतिकीत नुकत्याच संशोधनाला लागलेल्या एका विद्यार्थिनीचा, गॅमा किरण मोजणाऱ्या डिटेक्टरांबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोडियम आयोडाइडचं क्रिस्टल मोठं मिळतं, स्वस्त पडतं, खोलीच्या तापमानाला चालतं आणि गॅमाही जास्त पकडतं. तरी सगळे संशोधक द्रव नायट्रोजनचा व्याप सांभाळत जर्मेनियमच्या मागे का असतात? सोडियम आयोडाइडसारखंच प्रकाश देणारं, पण नवं लॅन्थॅनम ब्रोमाइड आल्यावर हा वाद मिटायला नको होता का? आणि सीझियम एकाच ऊर्जेचा गॅमा सोडतो, तर त्याच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती नोंदी झाल्या त्या आलेखात, इतके उंचवटे कुठून येतात?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

डिटेक्टरला गॅमा कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो गॅमाने धक्का दिलेला इलेक्ट्रॉन. हा धक्का तीन तऱ्हांनी बसतो. प्रकाशविद्युत परिणामात गॅमा आपली सगळी ऊर्जा एका इलेक्ट्रॉनला देऊन संपतो. कॉम्प्टन विकिरणात तो थोडी ऊर्जा देतो आणि उरलेली घेऊन दुसऱ्या दिशेला निघून जातो. ऊर्जा १०२२ केईव्हीच्या (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) वर असेल तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडीही तयार होऊ शकते. पहिला परिणाम अणुक्रमांकाच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढतो. आयोडीनचा अणुक्रमांक ५३ आणि जर्मेनियमचा ३२, म्हणजे अणूमागे साधारण दहापट फरक. सोडियम आयोडाइड 'जास्त पकडतो' असं म्हणतात, त्यामागे हे कारण आहे. मात्र काहीशे केईव्हीपासून पुढच्या काही एमईव्हीपर्यंतच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) ज्या पट्ट्यात आपलं बहुतेक काम चालतं, तिथे दोन्हीकडे पहिला धक्का बहुधा कॉम्प्टनचाच असतो.

आता सीझियम-१३७ चा उगम तीन इंची सोडियम आयोडाइडसमोर ठेवा आणि पडद्यावर उजवीकडून डावीकडे या. ६६२ केईव्हीला मोठं शिखर दिसतं. ज्या गॅमांची सगळी ऊर्जा क्रिस्टलमध्येच राहिली, मग ती एका फटक्यात असो की दोन-तीन टप्प्यांत, ते सगळे इथे जमा होतात. त्याच्या डावीकडे उतार आहे आणि ४७७ च्या सुमारास कडा. गॅमा इलेक्ट्रॉनवर समोरासमोर आदळून थेट उलटा फिरला तर इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त एवढीच ऊर्जा मिळते, त्यामुळे एका कॉम्प्टन धक्क्यानंतर गॅमा निसटला तर नोंद या कड्याच्या डावीकडेच पडते. तिथून शून्यापर्यंत पसरलेलं पठार हे असं निसटलेल्यांचं. त्या पठारावर १८४ च्या आसपास एक फुगवटा दिसेल. टेबल, भिंत, शिशाची वीट यांवर आपटून मागे फिरलेले गॅमा क्रिस्टलमध्ये शिरले, त्यांचा तो आहे. ४७७ आणि १८४ मिळवून पाहा, ६६१ होतात. एकच टक्कर, पण एकदा क्रिस्टलच्या आत झालेली आणि एकदा बाहेर. अगदी डावीकडे ३२ केईव्हीला दिसतात ते सीझियमच्या ऱ्हासातून बनलेल्या बेरियमचे क्ष-किरण. भोवती शिशाचं कवच असेल तर ७५ आणि ८५ केईव्हीच्या आसपास शिशाचे क्ष-किरणही हजेरी लावतात. ते अडवायला कवचाच्या आतून कथिल किंवा कॅडमियम आणि त्याच्या आत तांब्याचा पातळ पत्रा घालतात.

ऊर्जा वाढली की आणखी पाहुणे येतात. थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा २६१४.५ केईव्हीचा गॅमा घ्या. तो जोडी तयार करतो, पॉझिट्रॉन विझताना ५११ केईव्हीचे दोन फोटॉन सुटतात, आणि त्यातला एक निसटला तर नोंद २१०३.५ ला, दोन्ही निसटले तर १५९२.५ ला. नवखा माणूस ही दोन शिखरं घेऊन केंद्रकांच्या तक्त्यात दिवसभर शोधाशोध करतो. अनोळखी शिखर दिसलं की त्यात आधी ५११ आणि मग १०२२ मिळवून बघायची सवय लावून घ्या.

तर 'पकडणं' दोन प्रकारचं असतं. डिटेक्टरमध्ये काहीतरी नोंद होणं वेगळं आणि ती नोंद पूर्ण ऊर्जेच्या शिखरात पडणं वेगळं. संशोधनात मोल आहे ते दुसऱ्याला. पठारातली प्रत्येक नोंद नुसती फुकट जात नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी शिखराखाली कचरा म्हणून साठते.

आता जर्मेनियमकडे येतो. तीक्ष्णता, म्हणजे रिझोल्यूशन, शिखर किती अरुंद येतं ते, ठरते ती शेवटी आपण किती 'कण' मोजतो त्यावर. सोडियम आयोडाइडमध्ये एक केईव्हीमागे साधारण ३८ प्रकाशकण सुटतात. ६६२ केईव्हीला २५,००० झाले. त्यातले सगळे फोटोमल्टिप्लायरपर्यंत, म्हणजे प्रकाशाचा विद्युतसिग्नल करणाऱ्या नळीपर्यंत, पोचत नाहीत आणि पोचलेल्यांपैकी पाव भागच इलेक्ट्रॉन सोडवतो. हातात उरतात पाच-सहा हजार. त्यांच्या वर्गमुळाचा चढउतार धरला तर शिखराची निम्म्या उंचीवरची रुंदी तीन टक्क्यांच्या पुढे गेलीच. शिवाय या क्रिस्टलचा प्रकाश ऊर्जेच्या अगदी सरळ प्रमाणात नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती सात टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ६६२ ला सुमारे ४५ केईव्ही.

जर्मेनियममध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी (होल म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली रिकामी जागा) सोडवायला तीन इलेक्ट्रॉनव्होल्टही लागत नाहीत. कोबाल्ट-६० च्या १३३२.५ केईव्हीच्या गॅमामागे साडेचार लाख जोड्या हाती येतात, आणि मध्ये प्रकाश नाही, की तो गोळा करायची भानगड नाही. त्यातही जोड्यांच्या संख्येतला चढउतार साध्या वर्गमुळाच्या हिशोबापेक्षा कमी असतो. ही फानो गुणकाची मेहरबानी, जर्मेनियमसाठी तो ०.१ च्या घरात आहे. हिशोब केला तर रुंदी दीड केईव्हीच्या आसपास येते. इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट वर्गांच्या बेरजेने मिळवला की १.८ ते २ केईव्ही, आणि चांगल्या डिटेक्टरच्या कागदावर हाच आकडा छापलेला असतो. सोडियम आयोडाइड याच ऊर्जेला ७० केईव्हीच्या आसपास असतो.

किमतही याच गुणामुळे मोजावी लागते. जोडी इतक्या स्वस्तात सुटते याचा अर्थ खोलीच्या उष्णतेनेही ती सुटते, म्हणून क्रिस्टल द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनच्या आसपास ठेवावं लागतं. आणि काही सेंटिमीटर जाडीचं क्रिस्टल दोन-चार हजार व्होल्टवर मोकळ्या विद्युतभारांपासून पूर्ण रिकामं करायचं तर त्यातली अशुद्धता घनसेंटिमीटरमागे १०,००,००,००,००० अणूंच्या पातळीवर आणावी लागते, म्हणजे जर्मेनियमच्या काही लाख कोटी अणूंमागे एक परका. १९६० च्या दशकात हे जमत नव्हतं. त्या वेळी अशुद्धता भरून काढायला लिथियम आत झिरपवत आणि तो डिटेक्टर आयुष्यभर थंडच ठेवावा लागे. एकदा गरम झाला की लिथियम जागा सोडणार आणि डिटेक्टर कारखान्यात परत जाणार. आजचं अतिशुद्ध जर्मेनियम निदान गरम होऊ देता येतं.

ही तीक्ष्णता नुसती शोभेची नाही, हे दाखवणारं माझ्या पसंतीचं उदाहरण १९८६ चं आहे. इंग्लंडमधल्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत पीटर ट्विन आणि सहकाऱ्यांना डिस्प्रोसियम-१५२ मध्ये अतिविकृत पट्टा, म्हणजे खूप लांबट होऊन फिरणाऱ्या केंद्रकाच्या ऊर्जापातळ्यांची मालिका, सापडला. केंद्रकाची लांबी-रुंदी जवळपास दोनास एक, आणि फिरणं मंदावत जाताना ते सोडतं त्या १९ गॅमांची रांग, शेजारच्या दोन रेषांमध्ये सुमारे ४७ केईव्हीचं अंतर. एका एमईव्हीला सोडियम आयोडाइडची रुंदीच ५५ ते ६० केईव्ही असते. त्यात ही रांग विरघळून सपाट झाली असती. कितीही मोठं क्रिस्टल घ्या, कितीही दिवस बीम (त्वरकातला कणांचा झोत) चालवा, न दिसणारी गोष्ट मोजणी वाढवून दिसू लागत नाही. लॅन्थॅनम ब्रोमाइडने २४-२५ केईव्हीची रुंदी दिली असती आणि लाटा कदाचित जाणवल्याही असत्या. पण त्या पट्ट्याच्या वाट्याला अभिक्रियेची फार तर एक-दोन टक्के तीव्रता आली होती आणि भोवती त्याच केंद्रकाच्या शेकडो नेहमीच्या रेषांची गर्दी होती.

मात्र नुसत्या जर्मेनियमनेही तो पट्टा दिसला नसता. उघड्या जर्मेनियममध्ये एकूण नोंदींपैकी साधारण २० टक्केच शिखरात पडतात, उरलेल्या पठारात. म्हणून क्रिस्टलभोवती बिस्मथ जर्मेनेटचं कवच घालतात. बिस्मथचा अणुक्रमांक ८३, घनता पाण्याच्या सातपट, त्यामुळे कमी जाडीत काम भागतं. जर्मेनियममधून निसटलेला गॅमा त्या कवचात सापडला की ती नोंद रद्द. स्वतः बिस्मथ जर्मेनेटची तीक्ष्णता वाईट आहे, प्रकाशही कमी, पण पहारेकऱ्याला ऊर्जा मोजायची नसते, कुणी बाहेर पडलं एवढंच सांगायचं असतं. यामुळे शिखराचा वाटा २० वरून ५०-५५ टक्क्यांवर जातो.

ऐकायला ही अडीचपट वाटते. आता कोइन्सिडन्सचा, म्हणजे एकाच वेळी सुटलेले गॅमा एकत्र नोंदण्याचा, हिशोब करा, कारण केंद्रकाची रचना उलगडायची तर एका गॅमाबरोबर दुसरा कोणता सुटला हे पाहावंच लागतं. दोन्ही गॅमा शिखरात पडण्याची शक्यता उघड्या डिटेक्टरांत ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ४ टक्के. कवच घातल्यावर ०.५५ चा वर्ग, ३० टक्के. तिघांचा कोइन्सिडन्स घेतला तर एक टक्क्याच्या आत विरुद्ध जवळपास १७ टक्के. अडीचपटीची वीसपट झाली. ११० डिटेक्टरांचा गॅमास्फिअर हा गोलाकार संच १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेत उभा राहिला तो याच गणितावर. पुढे तो अरगॉन प्रयोगशाळेत गेला. त्याचीही मर्यादा उघड आहे: कवचाने अडवलेली जागा जर्मेनियमच्या उपयोगाची राहत नाही आणि सगळे डिटेक्टर दाटीने बसवूनही जर्मेनियमच्या वाट्याला गोलाच्या निम्म्याहून कमी भाग येतो. युरोपातला अगाटा आणि अमेरिकेतला ग्रेटा या नव्या संचांनी कवचच काढून टाकलं. प्रत्येक क्रिस्टलचे विद्युतदृष्ट्या ३६ भाग, त्यांतल्या सिग्नलच्या आकारावरून धक्का कुठे बसला ते काही मिलिमीटरपर्यंत शोधायचं, आणि कॉम्प्टनच्या सूत्राने गॅमाचा मार्ग पुन्हा जुळवायचा. एका क्रिस्टलमधून निसटलेला गॅमा शेजारच्यात सापडला तर तो फेकायचा नाही, बेरजेत घ्यायचा.

ही बेरजेची कल्पना लहान प्रमाणावर क्लोव्हर डिटेक्टरमध्ये आधीपासून होती: एका क्रायोस्टॅटमध्ये (थंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्यात) चार क्रिस्टल्स, आणि एकातून दुसऱ्यात गेलेल्या गॅमाची ऊर्जा जोडून घ्यायची. १.३ एमईव्हीला यातून शिखर साधारण दीडपट होतं. शिवाय गॅमा आडव्या शेजाऱ्याकडे जास्त वळला की उभ्या, यावरून तो विद्युत की चुंबकीय संक्रमणाचा हे कळतं, आणि केंद्रकाच्या ऊर्जापातळीची पॅरिटी (आरशातल्या उलटापालटीत तिचं चिन्ह बदलतं की नाही) ठरवायला त्याचा मोठा आधार होतो. मला विचाराल तर मध्यम आकाराच्या गटासाठी क्लोव्हरइतका कामाला येणारा दुसरा डिटेक्टर नाही.

इथवर वाचून जर्मेनियमच सर्वश्रेष्ठ असं वाटलं असेल, तर आता दुसरी बाजू. केंद्रक उडत असताना गॅमा सोडतं, तेव्हा डॉप्लर परिणामाने ऊर्जा कोनाप्रमाणे सरकते. डिटेक्टरचं तोंड जेवढा कोन व्यापतं तेवढी रेषा फाकते. ७ सेंटिमीटरचं तोंड २५ सेंटिमीटरवर ठेवलं तर सुमारे १६ अंश, म्हणजे ०.२८ रेडियन. संलयन अभिक्रियेत केंद्रकाचा वेग प्रकाशाच्या ३ टक्के धरा. ९० अंशांवर १००० केईव्हीची रेषा आठेक केईव्ही फाकली. क्लोव्हरच्या एकेका पाकळीचा कोन निम्मा, तिथे चार. हे चालवून घेता येतं. पण किरणोत्सारी बीमच्या, म्हणजे अल्पायुषी केंद्रकांच्या झोताच्या, प्रयोगांत वेग प्रकाशाच्या निम्म्यावर जातो, आणि त्याच पाकळीत रेषा ७० केईव्ही फाकते. आता जर्मेनियमचे दोन केईव्ही कुणाला हवेत? जपानच्या रिकेन संस्थेत दाली-२ ही १८६ सोडियम आयोडाइड क्रिस्टल्सची रचना वापरली गेली ती याचसाठी. दुर्मीळ केंद्रकं सेकंदाला मोजकीच येतात, तिथे जास्त गॅमा पकडणं हेच खरं, आणि तीक्ष्णतेवर खर्च करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बीटा ऱ्हासाच्या मोजमापात तर जर्मेनियम चक्क दिशाभूल करतो. मोठ्या ऱ्हासऊर्जेच्या केंद्रकात वरच्या असंख्य पातळ्यांना थोडा थोडा वाटा जातो आणि तिथून सुटणारे गॅमा विखुरलेले, क्षीण असतात. कमी कार्यक्षमतेच्या डिटेक्टरला ते दिसत नाहीत आणि सगळा वाटा खालच्या पातळ्यांच्या नावावर जमा होतो. १९७७ मध्ये हार्डी आणि सहकाऱ्यांनी हा सापळा दाखवून दिला, तो पॅन्डेमोनियम परिणाम म्हणून ओळखला जातो. त्यावर उपाय म्हणजे उगमाला चहूबाजूंनी वेढणारं सोडियम आयोडाइड किंवा बेरियम फ्लोराइडचं अवाढव्य क्रिस्टल. त्यात एकेक गॅमा वेगळा न पाहता पूर्ण साखळीची बेरीज मोजतात. अणुभट्टी बंद केल्यावर उरणाऱ्या उष्णतेचे हिशोब सुधारले ते अशा मोजमापांनी.

लॅन्थॅनम ब्रोमाइडबद्दल. ६६२ ला तीन टक्के तीक्ष्णता, म्हणजे २० केईव्ही, ही दोघांच्या मधली असली तरी त्याची खरी ताकद वेळेत आहे. त्याचा प्रकाश १६ नॅनोसेकंदांत ओसरतो, सोडियम आयोडाइडचा २३०-२५० मध्ये. छोट्या क्रिस्टलच्या जोडीने दोन-तीनशे पिकोसेकंदांची कालतीक्ष्णता मिळते, आणि शिखराचा मध्य किती सरकला ते पाहून ऊर्जापातळ्यांची दहा पिकोसेकंदांच्या घरातली आयुष्यंही मोजता येतात. मोठ्या जर्मेनियमला दहा नॅनोसेकंदांच्या फार खाली जाणं जड जातं. आयुष्य कळलं की संक्रमणाची ताकद कळते आणि तिच्यावरून केंद्रकाचा आकार. म्हणून आजची चांगली रचना मिश्र असते: जर्मेनियमने रेषा निवडायची, लॅन्थॅनम ब्रोमाइडने वेळ मोजायची.

त्याची एक खोड मात्र माहीत हवी. लॅन्थॅनम-१३८ निसर्गतःच किरणोत्सारी आहे. त्याच्या १४३६ केईव्हीच्या गॅमात बेरियमच्या क्ष-किरणाची भर पडून १४७० च्या आसपास शिखर येतं, नेमकं पोटॅशियम-४० च्या १४६१ च्या शेजारी. पार्श्वभूमी मोजताना हे दोन एकमेकांत मिसळतात. क्षीण उगम मोजायचा असेल तर सिरियम ब्रोमाइड बरं: तीक्ष्णता चार टक्के, पण हा घरभेदी नाही.

छापील कार्यक्षमतेच्या आकड्याबद्दलही दोन शब्द, कारण तिथे बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं. जर्मेनियमवर '४० टक्के' लिहिलेलं असतं ते आजही तीन इंची सोडियम आयोडाइडच्या तुलनेत, २५ सेंटिमीटरवर, १३३२.५ केईव्हीला. त्या सोडियम आयोडाइडची तिथली निरपेक्ष कार्यक्षमता हजारात १.२ धरलेली आहे. १०० टक्क्यांच्या पुढचे जर्मेनियमही मिळतात, म्हणजे तुमच्या प्रश्नातलं 'जास्त पकडतं' हे आता सरसकट खरं राहिलेलं नाही. आणि हा आकडा १०० केईव्हीला काय होईल याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे पुढच्या मृत थराची, म्हणजे ज्यातून सिग्नल मिळत नाही त्या थराची, जाडी बोलते. पी-प्रकारच्या क्रिस्टलवर लिथियमचा अर्धा-एक मिलिमीटरचा थर असतो, तो ४० केईव्हीखालचं जवळपास काही आत येऊ देत नाही. एन-प्रकारावर बाहेर बोरॉनचा अतिशय पातळ थर असतो.

बीमवर बसवायचा डिटेक्टर निवडताना याच एन-प्रकाराचा दुसरा फायदा मोठा आहे. वेगवान न्यूट्रॉन क्रिस्टलच्या जाळीत खड्डे पाडतात आणि त्यांत होल अडकतात. एन-प्रकारात होल बाहेरच्या पृष्ठभागाकडे जातात, बहुतेक घनफळही तिकडेच असतं, त्यामुळे त्यांचा प्रवास छोटा आणि अडकण्याची शक्यता कमी. तरी नुकसान होतंच. स्पेक्ट्रममध्ये ५९६ आणि ६९१ केईव्हीला उजवीकडे तिरपी उतरणारी त्रिकोणी शिखरं दिसली की न्यूट्रॉन जर्मेनियमच्या केंद्रकांवर आदळताहेत असं समजा.

डिटेक्टर हातात आला की आधी पुरेसा थंड होऊ द्या. कोॲक्सियल (मधोमध भोक असलेल्या दंडगोलासारख्या) क्रिस्टलला सहा-आठ तास तरी द्यावेत, मगच व्होल्टेज, तेही सावकाश, ऑसिलोस्कोपवर प्रीॲम्पचा (डिटेक्टरला जोडलेल्या पहिल्या वर्धकाचा) सिग्नल बघत. डिटेक्टरच्या टोपीवर बाहेरून दव धरत असेल तर आतला निर्वात गेलेला आहे, व्होल्टेज अजिबात लावू नका. रुंदी कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त येत असेल तर क्रिस्टलला दोष देण्याआधी व्हॅक्यूम पंप बंद करून पाहा आणि सगळी अर्थिंग एकाच ठिकाणी आणा. मग कोबाल्ट-६० चा स्पेक्ट्रम घ्या आणि जपून ठेवा. त्यात १३३२.५ च्या शिखराची दोन मापं घ्या, निम्म्या उंचीवरची रुंदी आणि दहाव्या हिश्श्याच्या उंचीवरची. निर्दोष शिखरात दुसरी पहिलीच्या १.८२ पट असते. प्रत्येक प्रयोगानंतर हेच प्रमाण पुन्हा काढा. शिखराची डावी बाजू लोंबू लागून ते दोनच्या वर गेलं की न्यूट्रॉनांनी काम केलेलं आहे. अशा डिटेक्टरला अधूनमधून अर्धवट गरम होऊ देऊ नका, त्याने दुखणं वाढतं. पुढच्या प्रयोगापर्यंत तो थंडच ठेवा, आणि मग निर्वात पंपाला जोडून १०० अंश सेल्सियसच्या आसपास काही दिवस तापवायला पाठवा.